सुट्टे पैसे

तोंड उघडा, म्हणाल्या, आणि मी उघडलं.
एकतीस वर्षं पीएमटीच्या दारात
जे पद्मावती, बालाजीनगर, कात्रज ओरडत राहिलं
ते इतकं निमूट कुणासमोर उघडलं नव्हतं.

डॉक्टरबाईंचं आडनाव तांबोळी.
मला हसूच आलं. म्हटलं, बाई,
तुमच्याच घरातून माझा हा प्रवास सुरू झाला असणार.
त्याही हसल्या, गालात आरसा फिरवत.
"आजोबांची गादी होती मंगळवारात," म्हणाल्या,
"म्हणून तर मी इथं आहे."

फिल्म उजेडासमोर धरली.
शेवटच्या फेरीतले पॅसेंजर दिसावेत तसे माझे दात,
कुणी खिडकीला टेकलेला, कुणी उभ्याउभ्या झोपलेला.
पेनाची टोपी एकेकावर टेकवत:
हा राहील. हा राहील. हा नाही.
सात जण उतरवायचे, आत्ताच, शेक सुरू व्हायच्या आत.
"दुखत नाहीयेत हो," मी म्हटलं.
"नंतर दुखले, तर काढायची सोय नाही.
शेक घेतलेलं हाड म्हणजे भाजलेली माती.
खड्डा पडला की सहजी बुजत नाही."

सात दात, कागदी वाटीत.
मशीनवाल्यांनी सोमवार दिला होता.
बाईंनी फोन लावला, मला एकच बाजू ऐकू आली:
"नाही. हिरडी मिटू दे आधी. नाही, सोमवार नाही."

मग जाळीचा मुखवटा, टेबलाला खिळलेला चेहरा,
तेहेतीस फेऱ्या, शनिवार-रविवार डेपोत.
तिसऱ्या आठवड्यात चव उतरून गेली.
वरण, दूध, पेज, सगळं ओल्या पुठ्ठ्याचं.
आणि थुंकी आटली.
जी मी बसच्या दारातून, जिन्याच्या कोपऱ्यात,
सिग्नलला उभ्या दुभाजकावर
आयुष्यभर उधळली,
ती आता बाटलीतल्या घोटाघोटानं उसनी आणतो.
मीठ, खायचा सोडा, कोमट पाणी,
दर दोन तासांनी चूळ. ही चूळ मात्र बेसिनमध्ये.

नातीनं कुल्फीच्या कांड्या जमवल्या, सोसायटीभर फिरून,
उकळून वाळवल्या.
एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या,
जबड्याचं दार गंजू नये म्हणून.
सोमवारी अकरा. गुरुवारी बारा.
एका मंगळवारी पुन्हा दहा.
ती काही बोलली नाही. वहीत दहा लिहिलं.

रात्री साचे.
माझ्याच दातांच्या मापाचे, पारदर्शक,
आत फ्लोराइडची जेल, लहान मुलांच्या औषधाच्या वासाची.
दहा मिनिटं. गिळायचं नाही, बोलायचं नाही.

शेवंताच्या हे लवकर लक्षात आलं.
पहिल्या रात्री नुसती शेजारी बसली.
दुसऱ्या रात्री म्हणाली, गॅस संपत आलाय.
मग एकेक काढू लागली:
धाकट्या बहिणीचं, कधीच न आलेल्या शिलाई मशीनचं,
आणि काल,
एकोणऐंशी सालच्या एका दुपारचं.

"दांडेकर पुलापाशी एका बाईला उतरवलं होतं तुम्ही.
सुट्टे नव्हते म्हणून. भर उन्हात.
ती माझी आई.
घरापर्यंत चालत आली. पुढं तुमचं स्थळ आलं
तेव्हा फोटो पाहून म्हणाली,
मुलगा हिशेबाचा पक्का आहे. देऊन टाका."

साच्याआडून नुसता हुंकार निघाला.
घड्याळात अजून चार मिनिटं.
त्यानंतरही अर्धा तास पाणी नाही, चूळ नाही.

बाईंना विचारलं होतं, हे किती दिवस करायचं?
म्हणाल्या, दात आहेत तोवर.
अठरा उरलेत.

शेवंता थांबली, माझ्याकडे पाहत,
रागावलो की काय म्हणून.
मी पलंगाच्या लोखंडी दांडीवर
बोटानं दोनदा वाजवलं.
डबल बेल.
जाऊ द्या पुढं.