चाळीस मिनिटं माग बंद

इरय्या बोम्मड्यालनं खटका ओढला
आणि शेडमधले आठ माग एकेक करून थांबले.
मग शेजारच्याचे. मग सगळ्या गल्लीतले,
कुणाचे राजीखुशीनं, कुणाचे शिव्या देत.
अशी शांतता इथे फक्त लाईट गेल्यावर येते.
"काय करालाव अक्का," तो म्हणाला, "जमिनीचा ईसीजी?"
मी म्हटलं, तसंच काहीसं.

तीन पायांचं यंत्र, तांब्याएवढं,
फरशी उचकटून मातीवर टेकवलं.
कुणी चालायचं नाही. खोकायचं नाही.
जमीन पुरती गप्प कधीच नसते.
दूरचा ट्रक, वारा, कुठल्याशा समुद्राची लाट,
सगळं तिच्या अंगातून बारीक वाहत असतं
आणि प्रत्येक जागा त्यातला आपला सूर तेवढा उचलते.

खाली काय आहे ते बोअरवाल्या मलकप्पानं
वहीत लिहून दिलंय, पेन्सिलीनं:
भर चार फूट, विटा राख चिंध्या.
काळी चिकट, अठरा फूट.
पिवळा मुरूम. मांजऱ्या.
काळा पाषाण (इथे बिट तुटला).
गेरू, लालभडक, हातभर.
पुन्हा पाषाण.
हातभर गेरू म्हणजे दोन लाव्हांमधली सवड.
खालचा थर निवला, त्यावर माती धरली, काहीबाही उगवलं असेल,
आणि वरून दुसरा आला, तिला भाजून गेला.

खडक हादरा घेतो आणि पुढे देऊन टाकतो.
काळी माती ठेवून घेते, घोळवते.

"ताणा ढिला असला की तसंच," इरय्या म्हणाला.
"खळ देऊन ताठ केला तर टणटण वाजतो, जागचा हलत नाही.
ढिल्याला बोट लावा, वीतभर झुलतो."
मी पाच वर्षं शिकले ते
त्यानं दोन बोटांत दाखवलं.

त्याला सांगितलं नाही,
या गल्लीच्या टोकाला, बुजवलेल्या विहिरीवर
माझ्या नीलव्वामावशीचं घर होतं.
त्र्याण्णवची ती पहाट, चार वाजायच्या आत.
किल्लारी तिकडे मातीला मिळालं, आणि इथे
मावशीच्या फळीवरचे डबे खाली आले,
दाराची कडी आपोआप वाजत राहिली,
"मोजून पन्नास श्वास," ती म्हणायची.
होटगी रोडला, मुरमाच्या टेकाडावर,
अव्वा कूस बदलून झोपली.
तिला सकाळी कळलं, रेडिओवर.

तेव्हापासून ते भांडण.
"नीलीला वाढवून सांगायची सवय.
एकच गाव, एकच भूकंप,
माझी खुंटीवरची पिशवीसुद्धा हलली नाही."
मावशी लग्नात, बारशात, दवाखान्याच्या बाकावर
बोटांवर डबे मोजून दाखवायची: सात.
शेवटी तिनं सांगायचं सोडलं.
ती गेली त्यालाही सहा वर्षं झाली.

पडद्यावर रेघ चढत गेली
आणि एका ठिकाणी टोक काढून बसली.
तीनमजली घर डोलतं ना, त्याच्या जवळपासच.
समोर नेमकं एक तीनमजली उठत होतं,
गिलावा ओला, खाली पार्किंगसाठी नुसते खांब.
मालकाला विचारलं, पाया किती?
"सगळ्यांचा असतो तेवढा."
मी वहीत घरनंबर लिहिला. माग सुरू झाले,
पुढचं मला स्वतःलाच ऐकू आलं नाही.

संध्याकाळी अव्वासमोर कागद ठेवले.
ही तुझी जागा. ही मावशीची.
"किती पट?"
तीन, मी म्हटलं. अंदाजच, हं. आणि त्या एकाच सुरात.
ती परातीतल्या पिठाकडे बघत राहिली.
"म्हणजे कमीच सांगत होती की ती."

मग पाणी घालून मळायला घेतलं,
आणि मधेच हात थांबवून म्हणाली,
"सात डबे. कशाकशाचे होते,
मी एकदाही विचारलं नाही."