पाचशे सात

मे महिन्यात डाग द्यायचा तर पंखा बंद करावा लागतो,
नाहीतर टोकाशी वारा आधी पोचतो, कथील मागून.
कूलरही बंद. त्याची मोटर फिरली
की जुन्या टीव्हीवरचं चित्र पोटात दुखल्यासारखं वळतं.
पारा शेहेचाळीसवर, मानेवर ओला दुपट्टा,
अख्खं गोकुळपेठ झोपलेलं,
आणि मी नऊ पिनांच्या एका तोंडापुढे बसलोय
दातांच्या डॉक्टरासारखा.

संगणक शाळेच्या लिलावातला, एक्क्याण्णव सालचा.
खेळ कॅसेटमधून येतो, पाच मिनिटं किंचाळत.
त्याला शब्द फार थोडे कळतात:
वर, खाली, डावं, उजवं, मार.
तार जमिनीला टेकली तर हो,
नाही टेकली तर नाही.
"जरासं डावीकडे" असं त्याला
कुणी कधी म्हटलेलंच नाही.

नवी जॉयस्टिक सीताबर्डीवरून आणली, बिनतारी.
ती आकड्यांतच बोलते, शून्यापासून हजार तेवीसपर्यंत.
अंगठा नुसता रेलला तरी हिचं पुराण सुरू:
चारशे नव्वद, चारशे एकाहत्तर, चारशे छप्पन...
या दोघांच्या मध्ये मला बसवायचा होता
अंगठ्याएवढा एक दुभाषी,
ज्यानं पुराण सगळं ऐकावं
आणि एका शब्दात सांगावं.

पाच आणि नऊ नंबरच्या पिना रिकाम्या सोडल्या.
सातवीवर वीज असते, तिच्या वाटेला जाऊ नये,
हे मशीन गमावता गमावता शिकलेलो.

शालन पराते साडेचारला आली.
"झालं का बे, का अजून जोडूनच राहिला?"
हा उद्योग तिच्यासाठीच, हे मी बोललो नाही.
मानकापूरला स्कूटी घसरली, तेव्हापासून
तिच्या उजव्या मनगटात सळई आहे,
आणि जुनी दांडी मनगटानंच ओढावी लागे.
तेव्हा ती वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची.
माझ्या कपाटाच्या दाराला आतून खडूनं लिहिलेलं आहे:
शालन, चौतीस हजार आठशे दहा.
घराला तीनदा रंग दिला मी,
ते दार सोडून.

खेळ चढला. यान आलं,
आणि हात न लावता डावीकडे सरकत सरकत
भिंतीला आपटून फुटलं.
"हे तं आपोआपच चालून राहिलं!"
तिनं जॉयस्टिक टेबलावर ठेवून दिली.
तरी डावीकडेच.

आकडे काढून पाहिले.
कागदावर मधोमध म्हणजे पाचशे बारा.
ही स्वस्थ बसते पाचशे सातवर.
फरक पाचाचा. पण मीच लिहून ठेवलेलं,
पाचशे बाराच्या खाली म्हणजे डावं.
शालननं अंगठा ठेवला: पाचशे चार.
मी ठेवला: पाचशे एकोणीस.
तिनं पुन्हा, चष्मा लावून, श्वास धरून:
चारशे अठ्ठ्याण्णव.
सव्वीस वर्षं बँकेत कॅशवर बसलेली बाई,
हिशेबात फरक आला की ती जेवत नाही.
"म्हणजे मधोमध कोणीच नसते का?"

मग मी मध्ये एक अंगण सोडलं,
चारशेपासून सहाशे चोवीसपर्यंत.
त्यात कुठंही उभं राहा,
मशीनपर्यंत बातमी जायची नाही.

यान थांबलं. पहिल्यांदाच, नुसतं थांबलं.
आणि मग ती खेळली.
दगड आला तशी खुर्चीसकट डावीकडे कलली,
खांदा, मान, बंद ओठ, सगळं डावीकडे,
अंगठा मात्र किंचित.
तिच्या कलण्याचा आकडा कुठंच उमटला नाही.
त्याला लागणारी तार मी ओढलेली नव्हती,
ओढायची कुठून, तेही कळेना.

आठ हजार चारशेला संपली.
तिच्या हनुवटीवरून घाम टेबलावर पडत होता.
मी कूलरच्या बटणाकडे हात नेला.
"थांब न," स्क्रीनवरची नजर न काढता ती म्हणाली,
"चित्र हलते."