हिशोबातली एक सुई

मंगळवारी दहाला
चर्चच्या तळघरातला हीटर खोकत उठतो
आणि डोरीन कॉफीचं भलंमोठं भांडं चढवते,
जणू आम्ही सात नाही, सत्तर आहोत.
बाहेर उणे एकतीस.
इंजिन गोठू नये म्हणून गाड्या वायरींनी भिंतीला जोडलेल्या,
दावणीला बांधलेल्या गुरांसारख्या.
आत सहा बाया
आणि मर्विन.

मर्विनला शिवता येत नाही.
त्याची बायको ॲडेलिन यायची इथं, एकोणीस वर्षं.
ती गेली, त्याच्या पुढच्या मंगळवारी
तो दारात उभा, टोपी हातात.
"तिला सोडायला यायचो ना," म्हणाला,
"गाडी आपोआप वळली."
अगाथानं काही न बोलता
सुयांची डबी त्याच्यापुढे सरकवली.

तेव्हापासून तो दोरे ओवतो.
आम्हाला नेढं दिसत नाही आता.
त्याला दिसतं;
चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर
तळहातावर गहू घेऊन दाणा दाणा पारखलेला माणूस.
तीस सुया ओवून एका बटाट्यात टोचतो.
निघताना मोजतो. तीसच्या तीस.
मग बटाटा कोटाच्या खिशात घालून घरी नेतो
आणि, आमचा संशय आहे, उकडून खातो.

कापड येतं कुठून कुठून.
बंद पडलेल्या शाळेचे पडदे,
मेलेल्या माणसांचे चौकड्यांचे शर्ट,
एका मोडलेल्या लग्नाचा न वापरलेला टेबलक्लॉथ.
ओर्यस्या तुकडे जुळवते, अगाथा उसवते,
दोघी एकमेकींशी बोलत नाहीत
आणि गोधडी तरी होते.
मी फक्त किनार घालते.
कोपरे मला अजून जमत नाहीत.

ऑगस्टमध्ये उत्तरेला जंगल पेटलं.
इथवर सूर्य तांब्याच्या नाण्यासारखा दिसायचा.
बसगाड्या भरून माणसं आली,
बर्फाच्या खेळाच्या रिकाम्या हॉलमध्ये खाटा मांडल्या,
आणि आम्ही चार दिवसांत
बावीस गोधड्या संपवल्या. टाके लांब पडले.
अगाथानं एकही उसवला नाही.

त्या रात्री मर्विननं मोजलं: एकोणतीस.
पुन्हा मोजलं.
बटाटा उलटा केला, जमीन झाडली,
ओर्यस्यानं फ्रिजवरचं लोहचुंबक काढून
स्वतःच्या स्वेटरवरूनसुद्धा फिरवलं.
गोधड्या केव्हाच गेल्या होत्या.
"एखाद्या लेकराला टोचली तर," मर्विन म्हणाला,
आणि पुढचे तीन मंगळवार आला नाही.
तीन मंगळवार आम्ही डोळे बारीक करून
दोऱ्याचं टोक थुंकीनं भिजवत बसलो.
चौथ्या मंगळवारी डोरीन गेली आणि
त्याला गाडीत घालून घेऊन आली.

नोव्हेंबरात पाकीट आलं.
पुठ्ठ्याच्या तुकड्यात खोचलेली सुई,
तिच्यात वीतभर हिरवा दोरा.
सोबत डेलिया बर्ड नावाच्या बाईचं पत्र:
*तुमची सुई गोधडीच्या कोपऱ्यात राहिली होती.
माझ्या अंगठ्याला टोचली. फार नाही.
आमचं घर गेलं, पण त्या दिवशी मला
घरातलं काही आठवलं नव्हतं,
सुईसुद्धा नाही.
मुलाच्या कोटाची दोन बटणं लावली.
कोट तपकिरी आहे, दोरा हिरवा. चालतंय.
उरलेल्या दोऱ्यासकट परत पाठवतेय.*

तो कोपरा माझा होता.
मी सांगितलं नाही.
अगाथानं माझ्याकडे पाहिलं
आणि कॉफीत साखर घातली, जी ती कधी घेत नाही.

मर्विननं सुई उजेडात धरली.
हिरवा दोरा तसाच राहू दिला.
मध्यंतरी त्यानं एक नवी विकत आणलेली,
त्यामुळे निघताना मोजल्या तर
एकतीस.
"हिशोब जुळत नाही," तो म्हणाला,
आणि पहिल्यांदाच
पुन्हा मोजलं नाही.

बटाटाही त्या दिवशी
चांगला मोठा होता.