निव्वळ वजन

मी आधी दागिना हातात घेतो, मग माणसाकडे बघतो.
अकरा वर्षांत सवयच लागली तशी.
देवगड शाखा, पहिला मजला,
खाली जाळ्यांचं दुकान, जिन्यात नायलॉनचा आणि सुकटीचा वास.
टेबलावर कसोटीचा दगड, ॲसिडची बाटली, काचेच्या पेटीतला काटा.
लाख वजा, मणी वजा, दोरा वजा.
उरेल ते निव्वळ.

प्रभावती मेथर यांच्या पाटल्या मी डोळे मिटूनही ओळखेन.
डावीला एक पोचा आहे, होडी ओढताना पडलेला,
आणि आतून, अगदी बारीक, माझ्या बाबांचा ठसा.
ते घडवायचे.
मी मोजतो.

पहिल्यांदा आणल्या तेव्हा साठ हजार दिले होते यांच्यावर.
यंदा सव्वादोन लाख बसतात.
पाटल्या त्याच, पोचा तोच,
वजनात मिलीचाही फरक नाही.
बारा महिने तिजोरीत पडलेलं सोनं
झिजेल तरी कशाला?

"भाव वाढलो मां रे झिला?
मगे आमीय वाढलांव म्हणाक होया!"
त्या हसतात, मीही हसतो,
मागे रांगेत कुणीतरी खोकतं.

परवा रत्नागिरीहून साहेब आले, पेढे घेऊन.
भिंतीवर आलेख लावला. रेघ अशी चढलेली,
जणू किल्ल्याची पायवाट.
शाखेची वाढ एकतीस टक्के. टाळ्या.
मी पेढा खाल्ला. चांगला होता.

खोटं कशाला बोलू?
मेथरांच्या घरावर आता पत्रा नाही, स्लॅब आहे.
नात कुडाळला नर्सिंग करते, स्कूटी आहे दारात.
पूर्वी सावकाराकडे गेलेली बुगडी
त्याच्याच सुनेच्या कानात दिसायची,
आता पावती मिळते, शिक्का मिळतो,
हप्ता चुकला तर फोनवर एक गोड मुलगी बोलते.
हे सगळं खरं आहे.

आणि हेही खरं, की जूनमध्ये फियांची रांग,
जुलैच्या अखेरीला डिझेल, बर्फ आणि खलाशांच्या उचलीची,
मग गणपतीच्या आधी तीन दिवस उलटी रांग:
कुठून कुठून उसने आणून सोडवून नेतात,
पाच दिवस घालतात,
गौरी गेल्या की दुसऱ्या सकाळी परत.
ठुशीच्या मण्यांत पिंजर अडकलेली असते.
ती मी स्पिरिटने पुसतो.
पिंजरीलाही वजन असतं.

रेहाना सोलकर एकदा झुमके घेऊन आली, लग्नातले.
दगडावर घासले, थेंब टाकला, रेघ हिरवी होऊन उडून गेली.
ती त्या दगडाकडेच बघत राहिली.
मग म्हणाली, अम्मीला सांगू नका.
तिची अम्मी जाऊन सहा वर्षं झाली,
हे मला माहीत होतं, तिलाही.

नवा दागिना शेवटचा कधी आला या टेबलावर?
आठवावं लागतं.
बाबांचं दुकान होतं तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

फॉर्ममध्ये रकाना आहे: कर्जाचं कारण.
संगणक चारच पर्याय देतो.
शेती, व्यवसाय, शिक्षण, इतर.
मॅनेजर म्हणतो, व्यवसाय टाक, वरती बरं दिसतं.
प्रभावतीबाईंच्या घोवाचा गुडघा
मी दोनदा व्यवसायात टाकलाय.
याच आकड्यांतून ती रेघ चढते.

"काय लिवतंस?" त्या विचारतात.
"जा विचारतत ताच."
पाकिटाला सील करायच्या आधी
त्या म्हणतात, थांब जरा,
आणि पाटल्या हातात चढवतात.
घड्याळात पावणेचार.
खाली कुणीतरी जाळ्याचा भाव करतंय.

पूर्वी बायका पाटल्या उतरवायच्या
तेव्हा मनगटावर एक फिकट पट्टा दिसायचा,
ऊन न लागलेला.
यांचा हात आता
कोपरापासून बोटांपर्यंत
एकाच रंगाचा आहे.