विलंब माफीचा अर्ज

नऊ दिवस.
शेषराव गुल्हान्यांच्या गिरणीमागची चौदा फूट जागा
नऊ दिवसांसाठी माझ्या टेबलावर अडकली.
निकालाची नक्कल वेळेवर मिळाली होती, पावतीवर सही माझीच.
मग ती गेली दुसऱ्याच एका फायलीत,
कोण्या बाईच्या पोटगीच्या अर्जाखाली,
आणि अपिलाची मुदत तिच्यावरून चालत गेली.

कलम पाच म्हणतं, पुरेसं कारण दाखवा.
अजाबराव, माझे कारकून, म्हणाले,
बाई, त्यात काय. सगळेच लिहितात :
पक्षकारास विषमज्वर झाल्याकारणे.
सरकारी दवाखान्यातला डॉक्टर ओळखीचा आहे,
दाखला संध्याकाळपर्यंत.
नमुना त्यांच्या खणात तयारच असतो,
नाव अन् तारीख तेवढी कोरी.
वीस वर्षांत नेर तालुक्यात
किती माणसं कागदावर तापानं फणफणली,
त्या साथीची नोंद कुठल्याच दप्तरी नाही.

थेटेसाहेबांनी मला कलमं कमी शिकवली.
फी घेतली की पावती दे.
जिंकून देते, हे वाक्य तोंडातून काढू नको.
बसस्टँडवर सल्ला देऊ नको,
लोक तो घरी नेतात अन् त्यावर भिंत बांधतात.
तारीख दोन ठिकाणी लिही,
एक तुझ्या अक्षरात, एक दुसऱ्याच्या.
मी त्यांचं सगळं ऐकलं,
शेवटचं सोडून.

मागे नागपूरहून एक पोरगा आला होता बाररूममध्ये,
वकिलांच्या चुकांचा विमा विकायला.
आम्ही त्याला चहा पाजला
आणि तो गेल्यावर पोट धरून हसलो.
काल रात्री मी त्याचं कार्ड शोधत होते.

शेषरावांकडे स्वतःच गेले.
पट्टा फिरत होता, हवेत ज्वारीचं पीठ,
त्यांच्या भुवया पांढऱ्या.
मी बोलले ते त्यांना ऐकूच गेलं नाही.
चूक दुसऱ्यांदा सांगावी लागली,
ओरडून.
त्यांनी गिरणी बंद केली.
डबे घेऊन बसलेल्या दोन बायका उठून बाहेर गेल्या.

अर्ज मंजूर होईल, न होईल, मी म्हणाले.
तुम्ही दुसऱ्या वकिलाला विचारा.
माझ्यावर नुकसानीचा दावाही करता येतो तुम्हाला.
"तुमच्यावर? नेरात?
सारे वकील त एकाच टपरीवर चाय पेतेत."
मग बराच वेळ थांबलेल्या पट्ट्याकडे पाहत,
"मले ताप होता असं लिहा ना, बाई.
आजवर कधी आजारी पडलो नाई म्या.
एक ताप चालते."

मला तिथं रडू आलं नाही. ते नंतर,
गाडीला किक मारताना आलं.

आज शपथपत्र टाइप झालं.
मी, कुंदा भाऊराव बोबडे, धंदा वकिली,
शपथेवर लिहून देते की
सदर विलंब पक्षकाराचा नसून
इथं अजाबरावांचं बोट थांबलं.
त्यांनी चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिलं नाही,
आणि पुढचा शब्द, माझा, दोनदा उमटवला.
एक मी खोडला.

फी परत करायला संध्याकाळी गेले.
सवयीनं पावतीची वही पुढे केली.
शेषरावांनी सही केली, सावकाश, पूर्ण नावानं,
आणि कागद धरलेल्या अंगठ्याचा
पिठाचा ठसा शेजारी राहिला.
वही मिटली तर तो पुसेल.
अजून तशीच उघडी आहे टेबलावर,
पंखा बंद करून बसलेय.