नखाएवढी जागा

मुनीर तांबोळी म्हणायचा, आधी हात धू.
साबणाचा वास जाईपर्यंत धू.
पुदिन्यात साबण आला
तर गिऱ्हाईक मला शोधत येतं, तुला नाही.

कोंढव्यात टायरच्या दुकानावर गच्ची,
गच्चीवर बांबूचं छप्पर, अकरा गाद्या,
आणि जिन्यामागे मोरी.
त्या मोरीत मी चिलीम भरायला शिकलो.

डब्यातला तंबाखू म्हणजे काकवीत बुडालेलं फडकं.
उचल, काठावर निथळू दे.
देठ दिसला की काढ, देठ घसा धरतो.
मग विंचर.
हो, विंचर म्हणायचा,
जत्रेच्या दिवशी बहिणीचे केस विंचरतोस तसं,
गाठ ओढायची नाही, सोडवायची.

चिलीम केशवनगरच्या कुंभाराची,
चार महिन्यांत काळी पडलेली,
कितीही घासा, बडीशेपेचा वास सोडत नव्हती.
तिच्यात टाकू नको, पेर.
मुठीने नाही, चिमटीने.

पहिल्या दिवशी मी अंगठ्याने दाबली.
इंदापूरचा मी,
पोतं दाबूनच भरायचं असतं
एवढं घरून शिकून आलो होतो.
ओढ, म्हणाला.
ओढली. गाल आत गेले, डोळ्यांत पाणी आलं,
धूर काही आला नाही.
मुनीरने चिलीम मोरीत उलटी केली,
दीडशे रुपयांचा माल,
आणि म्हणाला, हवेला उठायबसायला जागा नको?

वर फॉइल, तबल्याच्या पुडीसारखं ताणून.
टिचकी मारली की वाजलं पाहिजे.
फॉइल आणि तंबाखूच्या मधे नखाएवढी जागा.
केवढं नख?
वाढवलेलं नाही रे. कापलेलं.

भोकं गोधडीच्या सुईने, कडेकडेने.
कोळसा चहूकडून राखाडी झाल्याशिवाय उचलायचा नाही;
काळा कोपरा राहिला की डोकं दुखतं
आणि डोकं दुखलेला माणूस बिलावरून भांडतो.

स्वतः तो दोनच झुरके घ्यायचा,
आचारी आमटीचा थेंब तळहातावर घेतो तसे.
पहाटे जिन्यात बसून खोकायचा.
त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

एकदा वरून एका मुलीचा आवाज आला,
आज कुणी भरलीय ही?
मी मोरीत होतो, हातात ओला चिमटा.
कुणी उत्तर दिलं नाही.
तो प्रश्न मी अजून जपून ठेवलाय.

मग बंदी आली.
सतरा हुक्के टेम्पोत भरले,
नळ्या न गुंडाळता, काचेवर काच.
मुनीर फुटपाथवरून बघत होता.
साहेब, भरताय तर नीट भरा की,
एवढंच बोलला.

आता मी उरुळीच्या रोपवाटिकेत.
काळ्या पिशव्यांत माती भरतो, दिवसाला सहाशे.
मालकीणबाई म्हणतात, दाब,
टेम्पोत सांडते.
मी मान हलवतो आणि पेरतो.
काड्या काढतो, ढेकळं सोडवतो,
वर जागा ठेवतो,
कापलेल्या नखाएवढी.
पाणी घातलं की ते क्षणभर वर थांबतं,
मग खाली उतरताना आतून
एक बुडबुडा सुटतो. गुड्.
शेजारच्या ओळीतली मंदा वाघोले विचारते,
पिशवीला कान लावून काय ऐकता?

परवा मुनीरचा फोन आला.
दिवसातून दोनदा मशीनची वाफ घेतो म्हणाला,
तोंडाला मास्क, आणि चव कशाचीच नाही.
मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला,
कुणीतरी आत दाबून भरल्यासारखा.
शेवटी म्हणाला, पुदिना लावता का रे तिकडे?

लावतो.
दोन पिशव्या त्याच्यासाठी बाजूला ठेवल्यात,
सावलीत, पंपाच्या मागे.
भरण्याआधी हात धुतले होते.