खरं हवं, पण कंटाळवाणं नको

पुस्तकांची बोट धक्क्याला लागते तेव्हा
दुपारचे साडेतीन, आणि मिट्ट काळोख.
ओडवार आधी बूट पुसतो, मग घसा साफ करतो.
"कादंबरी नको. कुणीतरी रचलेल्या माणसांसाठी
रडायचं वय गेलं माझं.
खरं हवं. पण कंटाळवाणं नको."

तेवीस हिवाळे या फ्योर्डांतून पुस्तकं वाहतेय मी,
याहून नेमकी मागणी कुणी केलेली नाही.

हे घे, म्हणते. यातला माणूस जन्मभर
एकाच प्रश्नाला चिकटून बसला:
खोलीत कुणी नसताना टेबल असतं का?
त्याची बायको त्याच टेबलावर
उधारीचे हिशेब मांडायची.
लिहिणारीने तिला अख्खं प्रकरण दिलंय.
हसशील. मग हसू थांबेल.

हे जाड आहे, भिऊ नकोस.
शून्याला घरात घ्यायचं की दारातच उभं करायचं
यावरून शहाणीसुरती माणसं
कशी हातघाईवर आली, त्याची हकिकत.
आणि हे पातळ. प्रस्तावना सरळ सोड,
तो बंदरातला गाळ आहे,
खोल पाणी पुढे लागतं.

तो तिन्ही पुस्तकं हातावर तोलून बघतो,
कॉड तोलावा तसा.

मग मी गल्ल्याखालून चौथं काढते.
"हे वाचलंय मी. वसंतात."
माहीत आहे. जाळ्याचा निळा दोरा
तूच विसरला होतास खूण म्हणून.
पान एकशे बारा उघड.

समासात त्याचंच अक्षर, पेन्सिलीचं:
'चूक. मासा विचार करतो. मी पाहिलंय.'
नियमाप्रमाणे मी ते खोडायला हवं होतं.
रबरही आहे माझ्याकडे, नवाकोरा.
त्याखाली, बारीक, डावीकडे कललेलं:
'पाहिलंय म्हणजे? त्याने सांगितलं का तुम्हाला?
माझ्या मेंढ्या विचार करतात असं मलाही वाटायचं.
नवरा गेल्यावर खात्री राहिली नाही.'

ओडवार उभ्यानेच वाचतो, ओठ हलवत.
पुन्हा वाचतो.
"कुठल्या बेटावरची?"
ते सांगायचं नसतं, मी म्हणते.
"म्हातारी आहे?"
तेही नसतं सांगायचं.

कप्तान दोनदा भोंगा देतो.
पुढच्या गावी पोरं धक्क्यावर गारठत असतील.
ओडवारने खिशातून सुरी काढलीय,
आणि तो माझ्या पेन्सिलीला
सावकाश
टोक काढतोय.